आईच्या हाताचा दगड

फार पूर्वी जपानमधल्या एका डोंगराळ गावात एक सुतार आणि त्याचा म्हातारा बाप राहत होते. त्या गावची रीत आपल्याला जरा वेगळीच वाटेल. तिथे घरोघरी नदीतून आणलेला, डोंगराच्या आकाराचा एक काळा दगड असे. त्याला वाळूच्या तबकात बसवायचं, रोज पाणी घालायचं, वरून हात फिरवायचा आणि उन्हात सुकू द्यायचं, बस्स. कुठलंही हत्यार मात्र त्याला कधी लावायचं नाही. वर्षानुवर्षं असं केलं की दगडावर गहिरा, शांत काळेपणा चढतो आणि ज्यांनी हात फिरवला ती माणसं त्यात राहतात, असं गावकरी मानत.

सुताराच्या घरचा दगड त्याच्या आईने सांभाळला होता. आई गेली, पुढे बापाची नजरही गेली. आता म्हातारा तो दगड मांडीवर घेऊन बसे आणि बोटांनी चाचपत बायकोशी बोले. लोक हसत. हसोत बापडे, म्हाताऱ्याला तेवढाच आधार होता.

गावच्या विहारात दर वर्षी भिक्खू एका घरचा दगड निवडून बुद्धमूर्तीपुढे ठेवत.

बाप म्हणाला, "यंदा आपला नेशील का रे? तुझ्या आईला तिथे जागा मिळाली की मी सुखाने डोळे मिटेन."

"नेतो की, बाबा."

पण सुताराने शेजाऱ्याचा काळाभोर दगड पाहिला आणि त्याचा जीव खालीवर झाला. आपला मात्र खडबडीत, एका अंगाला फिकट! सुतारच तो, हात शिवशिवायला लागले. दुपारी बापाचा डोळा लागताच त्याने दगड परसात नेला, बूड कापून सपाट केलं, अंग घासून गुळगुळीत केलं, वर तेल चोळलं. दगड असा झळकला की त्यात तोंड दिसावं. स्वारी खूश!

विहारातल्या वृद्ध भिक्खूंनी दगड हातात घेतला आणि हळूच परत दिला.

"गुरुजी, यात काय कमी आहे?"

"यात आता तूच दिसतोस, बाळा. दुसरं कुणी उरलं नाही."

सुतार खाली मान घालून घरी आला. बापाने दगड मांडीवर घेतला, बोटं फिरवली आणि त्याचा चेहरा पडला.

"हा कुणाचा आणलास? आपला कुठंय?"

"आपलाच आहे, बाबा."

"हरवला असेल तर सांग रे. मी नाही रागावणार."

बापाने दगड बाजूला सारला. त्या दिवसापासून त्याचं बायकोशी बोलणं थांबलं. हिवाळ्यात तो गेला, आणि शेवटपर्यंत त्याची बोटं चटईवर काहीतरी शोधत होती.

सुतार पुढे जन्मभर त्या दगडाला पाणी घालत राहिला. आई काही त्याला त्यात सापडली नाही.

तात्पर्य: मायेच्या हातांनी सावकाश घडलेलं सजवायला जाऊ नये. एका दुपारी पुसलेलं जन्मभर पाणी घालूनही परत येत नाही.