जहागीरदारांचं हरवलेलं खत

तळ्याचं पाणी हिरवंगार होऊन नासलं, तेव्हा गाव जहागीरदारांकडे गेलं. त्यांच्या गुलाबबागेतलं खत ओहोळातून तळ्यात उतरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जहागीरदार कडाडले, "माझ्या खताचा कणसुद्धा बागेबाहेर जात नाही! पुरावा आणा, मग बोला."

कोळसे पाडणारी चिमाई तडक आपल्या भट्टीवर गेली. तिने कोळशाच्या चुऱ्याची दोन पोती भरली. एक रानाकडून तळ्यात येणाऱ्या ओहोळात बांधलं, दुसरं बागेकडून येणाऱ्या. श्रावणापर्यंत पाणी निवळू लागलं. मग तिने दोन्ही पोत्यांतला चुरा वेगवेगळ्या कुंड्यांत मिसळून झेंडू लावला.

दिवाळीला चिमाई कुंड्या घेऊन वाड्यावर आली. रानाकडच्या चुऱ्यातला झेंडू मरतुकडा, बागेकडच्या चुऱ्यातला फुलांनी वाकलेला. फुलवेडे जहागीरदार हरखलेच.

"असलं खत कुठून आणलंस गं?"

"आपल्याच बागेतलं, सरकार."

"म्हणजे चोरलंस?"

"छे हो! ते आपणहून तळ्याकडे निघालं होतं. माझ्या कोळशाने वाटेत धरून ठेवलं, ते परत द्यायला आले."

सदरेवर जमलेलं गाव खो-खो हसलं. जहागीरदारही मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, "उद्याच बागेला बांध घाला. आणि चिमाई, पोत्यात उरलेलं माझं खत आधी आणून टाक!"