गहाण पडलेलं कासाराचं घर

ज्या काळी माणसं वाट सांगताना झाडांची नावं घेत, त्या जुन्या काळात नदीकाठच्या एका गावात गोंदाजी कासार आणि त्याची बायको सगुणा राहत.

काय दिवस होते ते! लग्न ठरलं की नवरी आधी यांच्या ओसरीवर येई. मावश्या, करवल्या दाटीवाटीनं बसत, गाणी म्हणत. सगुणा नवरीला बोलण्यात अशी गुंतवी, की हिरवा चुडा कधी भरून झाला ते तिला कळतही नसे.

बांगड्यांची भट्टी नव्यानं बांधायला गोंदाजीनं घर तापीदास शेठकडे गहाण ठेवलं होतं. दर पौर्णिमेला हप्ता न चुकता जाई. मग लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. गावात लग्नंच होईनात. हप्ता भागेना.

तेव्हा एक गोडबोल्या मध्यस्थ दारी आला. म्हणाला, "शेठ माझ्या शब्दाबाहेर नाहीत. हप्ता निम्म्यावर आणतो. माझा मेहनताना आधी द्या, आणि यापुढचा हप्ता माझ्याच हाती द्या. शेठकडे मात्र फिरकू नका, काम बिघडेल."

शेठसमोर जायची गोंदाजीला भीतीच वाटे. त्याला हायसं वाटलं. सगुणाच्या आईनं दिलेले चांदीचे तोडे त्यानं मेहनताना म्हणून दिले. पुढं दर पौर्णिमेला मध्यस्थ येऊन निम्मा हप्ता घेऊन जाई.

एके दिवशी शेठचा कारकून आला. "एवढ्या महिन्यांत एक पैसा आला नाही. आता शेठ घराचा ताबा घेणार."

 गोंदाजीनं मध्यस्थाला बोलावणं धाडलं. तो आला तो कागद घेऊनच. "घाबरता काय? घर तेवढं माझ्या नावावर करा. मग शेठ हात लावू शकणार नाही. दिवस पालटले की तुमचं तुम्हाला परत."

गोंदाजीनं अंगठा शाईला लावलाही. सगुणानं त्याचं मनगट धरलं.

"थांबा हो. ज्याचं देणं आहे त्याला तोंड दाखवायचं नाही, आणि घर मात्र यांच्या नावावर करायचं? चला, आपण तिघंही आत्ताच शेठकडे जाऊ."

"उद्या सकाळी जाऊ," म्हणून मध्यस्थ उठला. तो पुन्हा त्या गावात दिसला नाही.

सकाळी शेठच्या पायरीशी गोंदाजीचं पाऊल अडलं. सगुणा पुढं झाली. मग त्यानंही सगळं सांगितलं, सांगता सांगता रडला.

शेठ म्हणाला, "मी कुणालाही नेमलं नव्हतं. त्याला दिलेलं मी जमेस धरणार नाही."

"धरू नका," सगुणा म्हणाली. "पण शेठजी, या दुष्काळात आमचं घर विकत घेईल कोण? आम्ही राहिलो तर भट्टी पेटेल आणि तुमचं देणं फिटेल."

शेठनं वही पुढं ओढली. "किती देऊ शकाल?"

"निम्मा..." गोंदाजी म्हणू लागला.

"नाही, निम्मा देता देताच ओढाताण झाली, तो नाही जमणार," सगुणा म्हणाली. "तिसरा हिस्सा. डोंगरापलीकडच्या गावांत फिरून बांगड्या विकते मी. तेवढं नक्की निघतं."

बरीच घासाघीस झाली. अखेर ठरलं: पाऊस येईपर्यंत तिसरा हिस्सा, मग पुरा हप्ता, राहिलेलं सगळं शेवटी, वाढीव मुदतीत. पंचांसमोर कागद मोठ्यानं वाचला गेला, मगच अंगठा उठला.

तोडे गेले ते गेलेच. पण घर राहिलं. फेडायला कितीतरी जादा वर्षं लागली, तरी एका पौर्णिमेला गहाणखत फाटलं.

पुढं गावात कुणाचा हप्ता अडला की गोंदाजी पागोटं डोक्याला घाली आणि म्हणे, "चल, शेठच्या दारापर्यंत मी येतो तुझ्याबरोबर."

बोध: अडचण आली तर ज्याचं देणं आहे त्याच्याशी स्वतः जाऊन खरं बोलावं, त्याच्यापासून तोंड लपवायला सांगणारा कधीच आपला हितचिंतक नसतो.