अरुंद तोंडाचा रांजण

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी गेरू काढणाऱ्यांचं एक गाव होतं. डोंगर आतून पोकळ होता आणि त्याला दोन दारं होती, एक उगवतीला, एक मावळतीला. आत माणूस असेल तोवर डोंगर उघडा राही. शेवटचं माणूस बाहेर आलं की दोन्ही दारांच्या शिळा आपोआप सरकत आणि डोंगर मिटे. आत कोणी आहे की नाही, हे त्याला कळे ते डोंगराबाहेर, दोन्ही दारांच्या मधोमध पुरलेल्या एका रांजणावरून.

रीत साधी होती. आत जाणाऱ्याने रांजणात एक गोटा टाकायचा, बाहेर येणाऱ्याने एक काढायचा. पहिला गोटा पडला की मिटलेला डोंगर उघडे. रांजणाचं तोंड इतकं अरुंद, की एका वेळी एकच हात जाई. दुसऱ्याला कितीही घाई असली तरी पहिल्याचा हात निघेपर्यंत थांबावंच लागे. "इथे जी मोजणी होते ती डोंगर खरी करून दाखवतो," असं म्हातारी माणसं सांगत. पण सणासुदीच्या गडबडीत म्हाताऱ्यांचं ऐकतं कोण?

राखण दोन जावांकडे होती. थोरली मावळतीच्या दाराशी बसे, धाकटी उगवतीच्या. एका वर्षी गेरूला अशी मागणी आली की रांजणापाशी रांग लागली आणि लोक कुरकुरू लागले. थोरली कामाला वाघ, पण धीराच्या नावाने शंख. ती म्हणाली, "एका गोट्यापायी एवढी माणसं ताटकळवायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

तिने रांजणाच्या तोंडावर एक सपाट दगड ठेवला आणि आतल्या माणसांचा अंक त्यावर चुन्याने लिहिला. दोघींना आपापल्या जागेवरून तो दिसे. कोणी आत गेलं किंवा बाहेर आलं की त्या दाराची जाऊ अंक बघे, मनात एक वाढवी किंवा कमी करी, हातातलं काम उरके आणि मग जाऊन जुना पुसून नवा लिही. रांग संपली. गावाने थोरलीचं कौतुक केलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं.

एका संध्याकाळी दोन्ही दारांनी एकेक माणूस एकदमच बाहेर आलं. दोघींना दगडावर सहा दिसले. थोरलीने जाऊन पाच लिहिले आणि ती वळली. मागून धाकटी आली, तिने तळव्याने दगड पुसला आणि तिच्या मनातले पाच लिहिले. पुसताना वाचतं कोण?

दिवेलागणीला सगळं गाव घरी पोचलं होतं, पण दगडावर एक उरला होता आणि डोंगर उघडाच होता. थोरली बघत असतानाच आतून एक बाई आली. डोक्यावर रिकामी पाटी, पाय गेरूने लाल. चेहरा ओळखीचा वाटे, पण कोणाचा ते सांगता येईना. 'बाहेर आली म्हणजे आत गेली असणार,' अशी थोरलीने मनाची समजूत घातली आणि एक पुसून शून्य लिहिलं. डोंगर मिटला.

ती बाई गावच्या पारावर बसून राहिली. तिला भूक नव्हती, झोप नव्हती. "तू कोणाकडची?" असं विचारलं की ती शांतपणे उलट विचारी, "तुमच्याकडे कोणी कमी आहे का?" मग तिला विचारायचंच लोकांनी सोडून दिलं.

पुढे एका सकाळी धाकटीचा नवरा उगवतीच्या दाराने आत गेला, त्याच वेळी मावळतीच्या दाराने एक म्हातारा गेला. संध्याकाळी दगडावर शून्य आलं आणि शिळा सरकल्या. सगळे घरी गेले.

घरी धाकटीने रोजच्यासारखी ताटं वाढली आणि ती थबकली. "अक्का, हे एक ताट जास्तीचं कोणाचं वाढलं मी?"

थोरलीला हसू आलं, पण ताट पाहून ते ओठांवरच विरलं. त्यातल्या मिरचीचं देठ काढून ठेवलेलं होतं. परक्या माणसासाठी कोणी मिरचीचं देठ काढत नाही. ताट कोणाचं, ते तिलाही आठवेना. तेवढ्यात डोंगराकडून आवाज आला. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

थोरलीने आपल्या चुन्याने भरलेल्या बोटांकडे पाहिलं. "सकाळी तू पाच लिहिलेस, तेव्हा आधी काय होतं?"

"चार. बसल्या जागेवरून चारच दिसले होते."

"मलाही चारच दिसले होते. मीही पाचच लिहिले." थोरली उठून उभी राहिली. "बाई गं, आपण दोघींनी दोन माणसं आत सोडली आणि एकच मोजलं."

दोघी धावत रांजणापाशी गेल्या. थोरली दगडावर एक लिहिणार, तोच एका थंडगार हाताने तिचं मनगट धरलं. पारावरची बाई मागे उभी होती.

"लिहू नकोस. लिहिलेल्या अंकाला चेहरा नसतो. डोंगर कोणालाही पाठवील. मी तशीच आले."

थोरलीने सपाट दगड उचलून फेकून दिला. तिने रांजणात हात घालून एक गोटा टाकला. "हा जो आत आहे त्याचा." मग दुसरा टाकला. "हा माझा." तिचा हात निघेपर्यंत ती बाई थांबली. मग तिने आपला गोटा टाकला. शिळा सरकल्या.

"काहीही ऐकू आलं तरी रांजणाला हात लावू नकोस," असं धाकटीला बजावून थोरली आत शिरली. पुढे ती बाई दिव्याशिवाय चालत होती. खूप आत एक माणूस भिंतीवर मूठ आपटत बसला होता.

"तुम्ही कोण?" थोरलीने विचारलं.

"ते आता आठवत नाही," तो म्हणाला.

"घरी ताट वाढलंय. चला."

तो उठला. त्याच्या जागी ती बाई बसली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "जा तू. निदान आता मी मोजलेली आहे."

बाहेर येऊन त्या माणसाने रांजणातून एक गोटा काढला. तो हातात येताच धाकटीने पदर सावरला आणि ती म्हणाली, "किती उशीर केलात. भाकरी गार झाली." थोरलीला रडू आवरेना. ती रडतच रांजणाकडे वळली आणि तिने आपला गोटा काढला.

तळाशी एक गोटा राहिला. त्या दिवसापासून तो डोंगर पुरता मिटलेला नाही. दुसऱ्या दिवशी रांजणापाशी पुन्हा रांग लागली, पण कोणी कुरकुर केली नाही. सगळ्यांचे गोटे निघाले की संध्याकाळी थोरली आत हात घालून पाही आणि तो एक गोटा तिथेच ठेवून घरी जाई.

तात्पर्य: जी मोजणी अनेकांची असते, तिच्यात बघणं आणि बदलणं एका हाताने, एका दमात व्हावं. मध्ये फट राहिली, तर तिच्यातून अंक नाही, माणूस निसटतं.