दोन घरांचे विरजण

एकदा एक वयोवृद्ध आचार्य यजमानाच्या घरी दह्याचे गाडगे बोटांनी निपटून खाऊन उठले, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. एरवी आचार्यांचा आहार तो केवढा! एक भाकरी आणि वाटीभर आमटी. शिवाय दुसऱ्याच्या भांड्यात हात घालू नये, हे शिष्याला शिकवले होते त्यांनीच. मग त्या दिवशी स्वारीला झाले होते तरी काय?

ते कळायला थोडे मागे जावे लागेल.

गावाबाहेर तेलाच्या एका व्यापाऱ्याचे घर होते. व्यापारी वारला आणि त्याच्या दोघा मुलांनी वेगळे व्हायचे ठरवले. तंटा नव्हता. थोरल्याला दुकान सांभाळायचे होते, धाकट्याला तेलाचा घाणा. दोघी सुनांना आपापली चूल हवीशी वाटत होती, आणि त्यात वावगे काहीच नव्हते. वाटणी करून द्या म्हणून ते आचार्यांकडे आले, तेव्हा आचार्यांनी शिष्याला पुढे केले.

"संयुक्त कुटुंब कोणतं, विभक्त कोणतं, घराचा कर्ता कोण, कुणाचं कर्तव्य काय, सगळं तुला मुखोद्गत आहे," ते म्हणाले. "जा, तूच कर."

शिष्याने जीव ओतून वाटणी केली. घराच्या मधोमध भिंत घातली, अंगण तेवढे सामाईक ठेवले. जाते एकच होते, तर दुसरे आणवले. विळी, परात, खलबत्ता, पाट, सगळे जोडीने करून दिले. विहिरीवर रहाटसुद्धा दोन बसवले. "उद्या मिठाचा खडाही एकमेकांकडे मागायला लागू नये," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. राहता राहिली आई. तिचीही वाटणी झाली. शुक्ल पक्षात तिने थोरल्याकडे राहावे, कृष्ण पक्षात धाकट्याकडे. म्हातारीने जन्मभर कष्ट उपसले होते, म्हणून शिष्याने दोन्ही सुनांना बजावले की आता सासूबाईंना कशाला हात लावू द्यायचा नाही, बसून खाऊ दे. गावाने त्याची वाहवा केली. खरे सांगायचे तर ती त्याला थोडी चढलीही.

काही महिन्यांनी थोरला मुलगा आचार्यांच्या मठात आला. चेहरा उतरलेला.

"आचार्य, आईनं अन्न टाकलंय."

"भांडणं होतात का घरात?"

"भांडायला तरी बोलणं लागतं ना! कुणी कुणाला वाकडं बोलत नाही, आणि सरळही बोलत नाही. वैद्यांनी नाडी पाहिली, म्हणाले, रोग नाही. पण ती एक घास घेते नि म्हणते, पोट भरलं. असंच चाललं तर ती आम्हाला फार दिवस लाभायची नाही."

 शिष्याने मनातल्या मनात सगळी वाटणी पुन्हा मांडून पाहिली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही तिकडे एक माणूस झिजत होते. त्याला स्वतःलाही त्या दिवशी जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्यांनी मठातले सगळे दही खाऊन टाकले. मग शिष्याला घेऊन ते व्यापाऱ्याच्या घरी गेले. थोरल्याकडे पानावर बसले आणि दही मागितले. आणखी मागितले. शेवटी गाडगेच पुढ्यात ओढून ते निपटून काढले. तिथून उठले, हात धुतले, अंगण ओलांडून धाकट्याच्या दारात उभे राहिले. "सूनबाई, तुमच्या हातचं दही चाखायचं राहिलं," म्हणाले, आणि तिथलेही गाडगे पुसून घेतले.

"आचार्य, पुरे हो," शिष्य काकुळतीने कुजबुजला. "लोक काय म्हणतील? शिवाय बाधेल तुम्हाला."

"बाधेल खरं," आचार्य म्हणाले, आणि अंगणातल्या शेवग्याखाली घोंगडी पसरून निवांत आडवे झाले.

थोरल्याच्या उंबऱ्यात म्हातारी बसली होती. तिचे हात मांडीवर होते, आणि बोटे आपली पदराचे टोक उगाच गुंडाळत नि सोडत होती. शिष्याला तिच्याकडे पाहवेना.

दिवेलागण झाली. दोन्ही घरांत दूध तापले. थोडा वेळ गेला, आणि दोन्ही दारांतून दोन्ही सुना एकदमच बाहेर पडल्या. अंगणाच्या मध्यावर त्यांची गाठ पडली.

"कुठं गं निघालीस, मथू?" थोरलीने विचारले.

"तुमच्याकडेच, अक्का. विरजणापुरतंही दही उरलं नाही. आणि तुम्ही?"

"मी तुझ्याकडे."

दोघींनी एकमेकींच्या रिकाम्या वाटीत पाहिले. मग शेवग्याखाली घोरणाऱ्या आचार्यांकडे पाहिले. आणि तोंडाला पदर लावून अशा हसल्या की गोठ्यातल्या गाईने मान वळवली. कित्येक महिन्यांत त्या अंगणाने हसू ऐकले नव्हते.

"मी मठातून आणतो," शिष्य घाईने म्हणाला, आणि सकाळची आठवण होऊन जागीच थांबला.

"आता उद्या पोरांना ताक कुठलं द्यायचं?" मथू म्हणाली. "जवळपास दुसरं घर नाही."

"दूध किती गरम आहे?"

सगळ्यांनी वळून पाहिले. म्हातारी उंबऱ्यातून उठून उभी राहिली होती.

"मथू, सुक्या मिरच्या आण, देठासकटच्या. थोरले, तू दूध आण. दोघींचंही आणा, वेगवेगळं कशाला? माझं जुनं गाडगं माळ्यावर असेल, ते काढा." दूध आले तसे तिने त्यात बोट बुडवले. "कढत आहे अजून. जरा निवू दे." ते बेताचे कोमट झाल्यावर तिने मिरच्यांचे देठ त्यात सोडले, झाकण ठेवले आणि गाडगे फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवले. "उद्याचं पातळ लागेल. ते खायचं नाही, त्याचंच मी पुन्हा विरजण लावीन. परवा दोघीही वाट्या घेऊन या."

मग ती हात पुसत म्हणाली, "भाकरी आहे का गं कुणाकडे? भूक लागली."

दोघीही आपापल्या घरात धावल्या.

 परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले, "माझं कुठं चुकलं?"

"चुकलं कुठं? फार बरोबर केलंस," आचार्य म्हणाले. "इतकं बरोबर, की कुणाला कुणाच्या दाराशी जायला कारणच उरलं नाही. बाळ, चूल दुसरी मांडली म्हणून कुटुंब मोडत नाही. एका चुलीवर शिजतं म्हणून ते टिकतं असंही नाही. हातात रिकामी वाटी घेऊन संकोच न करता ज्याच्या दारात जाता येतं, ते आपलं माणूस. आणि त्या माऊलीला तू अन्न दिलंस, अंथरूण दिलंस, विसावा दिलास, पण तिचं काम काढून घेतलंस. या घरात लग्न होऊन आल्यापासून रोजचं विरजण तिनं लावलेलं. ते गेलं आणि ती दोन्ही घरांत पाहुणी झाली. स्वतःच्याच घरी पाहुणी झालेल्या बाईला घास कसा उतरावा?"

शिष्याचे डोळे भरून आले. "मग वाटणी मोडू या का?"

"छे! दोघं भाऊ आपापल्या कामात सुखी आहेत, सुनाही आपापल्या चुलीशी. राहू दे तसंच. तेवढं एक गाडगं सामाईक असू दे." आचार्यांनी पोटावर हात ठेवला. "आणि मठात पोचल्यावर मला आधी ओवा दे."

मठातलेही विरजण संपलेलेच होते. तिसऱ्या दिवशी शिष्य ते मागायला गेला, तो घाईत रिकाम्या हातांनीच. अंगणात म्हातारी गाडगे पुढ्यात घेऊन बसली होती, दोन्ही सुनांच्या वाट्या भरून झाल्या होत्या.

"ये बाबा," ती म्हणाली. "वाटी नाही आणलीस? बरं, माझी घेऊन जा. परत आणून दे मात्र."

संध्याकाळी शिष्याने मठात विरजण लावले. वाटी घासली, पुसली आणि सवयीने ती लगेच परत द्यायला निघाला. दारापर्यंत गेला आणि थबकला. क्षणभर त्याने वाटीकडे पाहिले, मग मागे फिरून ती फडताळात ठेवून दिली. दोन दिवसांनी म्हातारीकडे जायला काही निमित्त हवे.

आचार्यांनी हे पाहिले आणि दिव्याची वात पुढे सारली.