उजवी बाजू कुणाची?

“...पण मग पाय सुजलेच कसे? हृदय ठणठणीत आहे, असं तूच म्हणाला होतास ना?”

डोंगरावरच्या नाथमठात, धुनीच्या अलीकडे, केवलनाथ महाराजांसमोर डॉक्टर शार्दूल पोतनीस मांडी घालून बसला होता. गेल्या वर्षी त्यानंच महाराजांना तपासलं होतं आणि पेढे वाटावेत तशी ती बातमी भक्तांत वाटली होती. शहरातला नावाजलेला हृदयाचा डॉक्टर तो. त्याच्या शब्दापुढे कोण बोलणार?

आणि आता महाराजांचे पाय टम्म फुगलेले. पोट तटतटलेलं, मानेची शीर वर आलेली. दोन वाक्यं बोलले की धाप. आज गुरूला उचलून नेईन पण इथं ठेवणार नाही, अशा हट्टानं शार्दूल डोंगर चढून आला होता.

“मी डावी बाजू बघितली होती, महाराज. अंगभर रक्त पुरवते ती. ती आजही भक्कम आहे. थकलीय ती उजवी.”

“तिचं काम काय?”

“अंगातून परत आलेलं रक्त फुफ्फुसांकडे ढकलायचं. या धुनीच्या धुरानं तुमची फुफ्फुसं आवळत गेली. त्यांच्यात रक्त रेटता रेटता ती बिचारी दमली. आता पाणी अंगात साचतंय. असंच चाललं तर यकृत जाईल, मूत्रपिंडं जातील...”

“आणि तुला हे दिसलं नाही?”

“मी... तिच्याकडे नीट बघितलंच नाही.”

महाराज हसले. हसता हसता खोकले. “अरे लेका, हृदयातसुद्धा डावं-उजवं केलंस होय!”

शार्दूलच्या ते वर्मी लागलं. डॉक्टरकी सावरायला त्यानं राखेत बोटानं हृदय काढलं. “ही बघा, उजवी बाजू.”

“ही तर तुझ्या डाव्या हाताला आहे.”

“मी तुमच्या समोर बसलोय ना! समोरून बघताना तसंच दिसतं.”

“मग इकडं येऊन बस की.”

शार्दूल गोंधळला. मठात इतकी वर्षं येऊन तो कधी धुनीच्या पलीकडे गेला नव्हता. वाऱ्यानं धूर तिकडेच जायचा, म्हणून महाराज भक्तांना अलीकडेच बसवायचे. तो उठला, महाराजांशेजारी टेकला, आणि धुराचा लोट थेट तोंडावर आला. डोळे चुरचुरले, घसा धरला.

“आता सांग, उजवी कुठली?”

“दिसत नाही, महाराज.”

“मी बरा होईन?”

“औषधानं सूज उतरेल. पण ती बाजू पुन्हा उभारी धरेल का... नाही सांगता येत.”

“मग मला नेतोस कशाला?”

येताना शार्दूलकडे सगळी उत्तरं तयार होती. डोळ्यांतलं पाणी धुराचं की रडण्याचं, तेही आता त्याला कळेना.

“ठाऊक नाही. पण तुम्हाला इथं ठेवून मला जाववणार नाही.”

महाराजांनी घोंगडी ओढली आणि शार्दूलच्या खांद्यावर सगळा भार टाकून उठले.

“मघाशी तू मला न्यायला आला होतास. चल, आता बरोबर जाऊ.”