दोन परगण्यांची कुलुपे

एकदा एक राजा होता आणि त्याला क्रमवारीचे भारी वेड होते. कुठला आंबा गोड, कुठली घोडी चपळ, प्रत्येक गोष्टीची त्याला यादी हवी असे. एके वर्षी त्याच्या मनाने घेतले, की परगण्यांची क्रमवारी चोऱ्यांवरूनही लावावी. जिथे चोऱ्या सर्वांत कमी, तिथल्या ठाणेदाराला भर दरबारात शेला-पागोटे. जिथे सर्वांत जास्त, तिथल्याची ठाणेदारी गेली म्हणून समजा.

हे काम ज्या तरुण अधिकाऱ्याकडे आले, तो मोठा प्रामाणिक होता. त्याने बाराही परगण्यांतून चोरीच्या वह्या मागवल्या, महिनाभर खपून एकेक नोंद मोजली आणि पुन्हा एकदा ताडून पाहिली. यादीच्या शिरोभागी आला सोनझरी परगणा. वर्षभरात अवघ्या तीन चोऱ्या. तळाला आला धामणदरा. तिथे चारशे अकरा.

दरबार आठ दिवसांवर आला होता. यादीवर मोहोर उमटवण्यापूर्वी तो आपल्या गुरूंकडे गेला. गुरू एके काळचे नामांकित न्यायाधीश, आता नदीकाठी झोपडी बांधून भाजीचे वाफे राखत. खरे सांगायचे तर शिष्य सल्ला मागायला नव्हे, शाबासकी घ्यायलाच गेला होता.

गुरूंनी यादी सावकाश वाचली. “बेरीज चोख आहे,” ते म्हणाले. “आता माझे एक काम कर. या दाराला कुलूप नाही. एक कुलूप सोनझरीहून विकत आण आणि एक धामणदऱ्याहून. मोहोर त्यानंतर लाव.”

शिष्य चकित झाला. झोपडीत होते काय, तर एक मडके आणि दोन धोतरे. दाराला धड कडीसुद्धा नव्हती. दरबार तोंडावर आला असताना म्हाताऱ्याला हे काय सुचले, असे त्याच्या मनात आले, पण गुरूंची आज्ञा मोडवेना. मनातल्या मनात कुरकुरत तो घोड्यावर बसला.

सोनझरीच्या वेशीवर तोरणे चढत होती. मान आपलाच, हे तिथे सर्वांनी धरूनच ठेवले होते. लोहारआळीत मात्र शिष्य थबकला. सात दुकाने होती आणि सातही दुकानांत कुलुपेच घडत होती.

“दोन महिन्यांनी या, पाव्हणं,” लोहार मान वर न करता म्हणाला. “आधीच्याच मागण्या उरकंनात.”

“पण तुमच्याकडे तर चोऱ्याच होत नाहीत!”

लोहाराने इकडेतिकडे पाहिले आणि भाता थांबवला. “चोऱ्या न्हाईत व्हत. वस्तू हरवत्यात. चावडीत दोन वह्या हायेत, एक चोरीची, एक हरवल्याची. माझा घण गेला तवा ठाणेदार म्हनलं, चोरी म्हनतूस तर चोर दाव, न्हाईतर देवळात शपथ घे, आन् शाबीत झालं न्हाई तर फटके खा. हरवला म्हन, आत्ता लिवतो. म्या म्हनलं, लिवा बापा, हरवला.”

“अरे, एवढा जड घण हरवेल कसा?”

“घणाचं काय घेऊन बसलाव? गेल्या पोळ्याला शेजाऱ्याची बैलजोडी हरवली. गोठ्याचं दार फोडून हरवली!”

शिष्याला हसू आले आणि तोंडातच विरले. तो तडक चावडीत गेला आणि दुसरी वही मागितली. कारकुनाने आढेवेढे घेत काढून दिली. ती उचलायला दोन हात लागले. एकाच आळीतले सात हंडे एकाच दिवशी हरवल्याची नोंद तिच्यात होती. ती वही त्याने घोड्यावर बांधून सोबत घेतली.

धामणदऱ्यात कुलपाचे दुकान शोधून सापडेना. एक म्हातारा लोहार विळ्यांना धार लावत बसला होता. “कुलपं मागं करायचो,” तो म्हणाला. “मानकोजी ठाणेदार आल्यापास्नं इळं आन् बैलांच्या घंटाच खपत्यात.”

मानकोजी चावडीच्या बाहेर, ओट्याच्या कडेला वही घेऊन बसला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून तो आत बसतच नसे. सगुणाबाई नावाची एक विधवा तक्रार सांगत होती. तिची कोंबडी कुणीतरी पळवली होती. मानकोजीने रंग विचारला, तुरा विचारला आणि सगळे लिहून घेतले.

“कोंबडीसुद्धा लिहिता?” शिष्याने आपली ओळख देऊन विचारले.

“कोंबडी तिची हाय, रावसाहेब. ल्हान का मोठी, ते तिनं ठरवायचं. आज कोंबडीला हाकललं, तर उद्या लेकीवर कुणी हात टाकला तरी ती हितं यायची न्हाई.”

सगुणाबाई पदर सावरत म्हणाली, “माझी पाटली गेली, ती काय घावली न्हाई. पर ह्यांनी ऐकून घेतलं, चार गावं धुंडाळली. आधीच्या ठाणेदारानं दारात हुबं केलं नव्हतं. मी रोज दिवा लावताना ह्यांचं नाव घेते.”

“यादीबद्दल ऐकलंत ना?” शिष्याने दबक्या आवाजात विचारले.

“ऐकलं. घरच्यांनी भांडीकुंडी बांधून ठिवलीत.”

“मग शे-दोनशे नोंदी गाळायच्या होत्या!”

मानकोजीने वही त्याच्यापुढे सरकवली. “कुणाची गाळू? तुमीच बोट ठिवा.”

वहीवर नावे होती, माणसांची. शिष्याचे बोट उचलले गेले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेली यादी आपल्याच सुंदर अक्षरात आहे, हे त्याला त्या क्षणी कळले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो कुलपांवाचूनच परतला. गुरू वाफ्याला पाणी सोडत होते. त्याने सर्व हकीकत सांगितली आणि त्यांचे पाय धरले. “गुरुजी, आपण थांबवले नसते तर एका सज्जनाचे घर मी माझ्या हाताने उठवले असते.”

गुरू म्हणाले, “बाळ, चूक तुझ्या मोजण्यात नव्हती. तू चोऱ्या मोजतो आहेस असे तुला वाटले आणि तू मोजत होतास लिहिलेल्या तक्रारी. एकीकडे झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरीकडे मूठ उघडी. पण आता उलट टोकालाही जाऊ नकोस. तक्रारी पुष्कळ म्हणजे कारभार उत्तम, असाही नियम नाही. आकडा हा साक्षीदार आहे. तो कुणाच्या धाकात बोलला आणि कुणाच्या लोभाने गप्प बसला, हे विचारल्यावाचून त्याच्या साक्षीवर निवाडा देऊ नये. आणि ज्या दिवशी त्याच्या गळ्यात शेला घालायचे ठरते, त्या दिवसापासून तर त्याला दुप्पट विचारावे.”

दरबारात शिष्याने यादी दिली नाही. दोन्ही परगण्यांच्या तिन्ही वह्या राजापुढे ठेवल्या आणि पाहिलेले सांगितले. राजा संतापला. “मग सर्वांत सुरक्षित परगणा कोणता?”

“ठाऊक नाही, महाराज,” शिष्य म्हणाला. “लोक कुठे बोलू शकतात, एवढेच आज मला ठाऊक आहे.”

राजाने हरवल्याची वही उघडली. बैलजोडीच्या नोंदीवर तो बराच वेळ थांबला. शेला-पागोटे त्या वर्षी कुणाला मिळाले नाही आणि ठाणेदारी गेली ती सोनझरीची.

दुसऱ्या दिवशी शिष्य पुन्हा धामणदऱ्याला गेला. मानकोजीच्या कानावर अजून काहीच आले नव्हते. त्याने सवयीप्रमाणे वही उघडली, बोरू शाईत बुडवला. “बोला रावसाहेब, काय गेलं?”

“काही गेलं नाही. आभार मानायला आलो आहे.”

मानकोजी गोंधळला. वहीची पाने त्याने पुढे-मागे करून पाहिली.

“त्याची वही न्हाई वो आमच्याकडं,” तो ओशाळून म्हणाला. “आजवर कुणी लिवायला सांगितलंच न्हाई.”

शिष्य ओट्यावर त्याच्याशेजारी बसला आणि जे मानायचे होते ते त्याने तोंडीच मानले.