एकतीस पायऱ्यांचं अन्नघर

फार पूर्वी एका नगरात एक राजा होता, एक प्रधान होता आणि एक उकिरडा होता. तिघांपैकी रोज वाढत होता तो उकिरडा.

नगर मोठं, वस्ती दाट. घरोघरी स्वयंपाक अंमळ जास्तच व्हायचा. कमी पडलं तर घराची अब्रू जाते, उरलं तर कुणाचं काय जातं, असं तिथले लोक मानत. उरलेलं सकाळी गाडीत जाई आणि गाडी वेशीबाहेर. अख्ख्या भाकऱ्या, डावसुद्धा न लागलेलं वरण, पातेलीच्या पातेली भात, सगळं तटाला टेकून साचत गेलं. त्याच तटाच्या आत शेकडो माणसं पाणी पिऊन झोपत होती. राजाच्या कानावर हे कधी आलं नाही. ते येऊ न देणं हेच प्रधानाचं मुख्य काम होतं.

मग एके दिवशी एक शेळी चरत चरत उकिरड्यावर चढली. उकिरडा आता तटाएवढा उंच झाला होता. शेळी सरळ तट ओलांडून राजाच्या बागेत उतरली आणि तिनं निशिगंधाचा अख्खा वाफा फस्त केला.

शेकडो उपाशी माणसांना जे जमलं नव्हतं, ते एका शेळीला जमलं. राजा जागा झाला.

त्यानं नगरातल्या सगळ्यात नावाजलेल्या सुताराला बोलावलं. "घराघरांत उरलेलं चांगलं अन्न भुकेल्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, अशी सोय उभी कर. सहा महिने देतो. जमलं तर तू राजसुतार. नाही जमलं तर तुझी हत्यारं जमा, आणि या नगरात पुन्हा रंधा हातात धरायचा नाही."

सुतार घरी आला आणि त्यानं हत्यारांची पिशवी उघडून पाहिली. करवत, रंधा, हातोडी आणि बापाची पटाशी. पटाशीच्या मुठीवर बापाच्या अंगठ्याचा खळगा पडला होता, आणि त्यात आता याचा अंगठा नेमका बसत असे. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि दुसरं काही त्याला यायलाही नको होतं.

त्यानं जीव ओतून काम केलं. भर चौकात सागवानी अन्नघर उभं राहिलं. कुत्री चढू नयेत म्हणून जोतं उंच घेतलं, त्याला एकतीस पायऱ्या, दर पायरीवर कोरलेलं कमळ. मांजरांना उघडता येऊ नये म्हणून दार जड. आत बारा कप्पे आणि कप्प्याकप्प्यावर सुंदर वळणदार अक्षरं: भात, वरण, भाकरी, भाजी. प्रधानानं येऊन पाहिलं, मान डोलावली आणि स्वतःची भर घातली. दाराशी एक कारकून बसवला. देणाऱ्यानं काय उरलं ते मोठ्यानं सांगायचं. घेणाऱ्यानं नाव सांगायचं, गल्ली सांगायची आणि न जेवल्याचं कारण सांगायचं.

पहिल्या दिवशी जत्रा लोटली. आठव्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. कप्प्यांत कोळ्यांनी जाळी विणली आणि वेशीबाहेरची गाडी पूर्वीसारखीच भरून जात राहिली.

"या नगरातल्या लोकांनाच अक्कल नाही," सुतार भेटेल त्याला सांगू लागला.

मुदतीला पंधरा दिवस उरले, तेव्हा त्याच्या मनात आलं की दार फारच जड झालंय, दोर लावून ओढता येईल असं करावं. दोर घ्यायला तो नगराच्या टोकाच्या गल्लीत एका दोर वळणाऱ्या बाईकडे गेला. बाई जन्मापासून आंधळी. पण तिच्या हातच्या दोराला कधी गाठ आली नाही. ती ओट्यावर बसून दुपारचं जेवत होती. पुढ्यात अर्धी भाकरी आणि एक मिरची.

"मावशी, चौकात अन्नघर असताना हे काय खातेस?"

"अर्धी भाकरी. पूर्ण असती तर पूर्ण खाल्ली असती."

"तसं नव्हे गं. तिथं का येत नाहीस?"

"आले होते की. एकतीस पायऱ्या. बरोबर ना?"

सुतार खूश झाला. "बरोबर! आणि दर पायरीवर कमळ आहे."

"त्या कमळांवरूनच दोनदा घसरले. मग तुझं ते दार. ते ढकलायची ताकद असती तर मी जेवलेली असते, नाही का? कुणीतरी ढकललं, त्याच्यामागून आत गेले. अक्षरं बोटांनी चाचपली. काय कोरलीस रे! हात आहे तुझा. फक्त मला वाचायला कुणी शिकवलं नाही. भात म्हणून हात घातला तो आमटीत गेला."

सुताराला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

"तरी घेऊन निघाले. तर दाराशी तो कारकून. म्हणे, न जेवल्याचं कारण सांग. मी म्हटलं, बाबा, तू आधी जेवल्याचं कारण सांग, मग मी सांगते. त्यानं वाटी काढून घेतली. उतरताना पायऱ्या मोजल्या, म्हणून आकडा लक्षात."

"बरं, ते कारकुनाचं सोड," सुतार जरा चिडून म्हणाला. "पण ज्यांच्याकडे उरतं, त्यांना काय धाड भरलीय? ते द्यायला का येत नाहीत?"

"अरे, एखाद्या सुनेच्या दोन भाकऱ्या उरल्या. त्या घेऊन ती भर चौकात जाईल? आणि वर कारकुनापुढे ओरडून सांगेल, दोन भाकऱ्या उरल्या म्हणून? संध्याकाळच्या आत गल्लीभर होईल की हिला पिठाचा अंदाज नाही. त्यापेक्षा गाडीत टाकलेलं बरं. गाडी कुणाला सांगत नाही."

सुतारानं विचारलं, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मला आधी विचारलं असतं."

हे मात्र त्याला लागलं. इतक्या महिन्यांत त्यानं साग विचारून घेतला होता, खिळे विचारून घेतले होते, प्रधानाची मर्जीही विचारली होती. भूक लागलेल्या एकाही माणसाला त्यानं काही विचारलं नव्हतं.

"मग आता विचारतो," तो म्हणाला.

बाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात झटकले. "शेजारीण कधी वाटीभर उसळ देते. ती मी घेते. का घेते? कारण वाटी परत करताना मी ती रिकामी धाडत नाही. काही नसलं तर चिमूटभर मीठ घालते. मीठ घातलं की ती दानशूर राहत नाही आणि मी भिकारीण राहत नाही. दोघी शेजारणी राहतो. तुझ्या त्या एवढ्या मोठ्या घरात मीठ घालायला जागा कुठंय?"

दुसऱ्या दिवसापासून सुतार त्या गल्लीत कामाला लागला. या वेळी त्यानं कमळं कोरली नाहीत. गल्लीच्या वळणावर, कमरेइतक्या उंचीवर, जाळी लावलेली एक साधी पेटी बसवली. एका अंगानं ठेवायचं, दुसऱ्या अंगानं घ्यायचं. मध्ये भिंतीचा कोपरा, त्यामुळे देणारा घेणाऱ्याला दिसत नाही आणि घेणारा देणाऱ्याला. पेटीचं दार करंगळीनं उघडेल इतकं हलकं. बाईनं दोर वळून दिला. तो गल्लीभर भिंतींच्या कडेनं हाताच्या उंचीवर बांधला, म्हणजे न दिसणारा माणूस दोर धरून थेट पेटीशी येईल. पेटीत काही ठेवलं की एक घंटा वाजे. समोर राहणाऱ्या विणकऱ्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून घंटेबरोबर एक लाल चिंधीही वर चढे. नियम दोनच: ताटातलं उष्टं ठेवायचं नाही, भांड्यात उरलेलं ठेवायचं. आणि वाटी रिकामी परत करायची नाही.

पहिले दोन दिवस पेटी रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी चार भाकऱ्या ठेवल्या. भांडं परत आलं त्यात कढीलिंबाची डहाळी होती. मग कुणाच्या वाटीत मीठ, कुणाच्या वाटीत दोन चिंचा, तर कुणाच्या वाटीत नुसतं तुळशीचं पान. दहाव्या दिवशी त्या गल्लीतून गाडी निघाली तेव्हा तिच्या तळाशी फक्त साली होत्या.

पण मुदत संपली. आणि राजा पाहायला येणार होता ते अन्नघर.

त्या सकाळी सुतार चौकात पोचला तर अन्नघर भरून वाहत होतं. लाडू, जिलब्या, पुऱ्या, श्रीखंड. सगळं बाजारातून आणलेलं. पायऱ्यांवर भुकेल्यांची रांग उभी होती. ते राजवाड्याचे पहारेकरी होते. फाटके कपडे घातले होते, पण पोटं लपत नव्हती. अन्नघराच्या मागे उकिरड्याच्या दोन गाड्या आत्ताच येऊन थांबल्या होत्या. राजा गेला की हे सगळं कुठं जाणार, ते ठरलेलं होतं.

"तू फक्त मान हलव," प्रधान सुताराच्या कानात म्हणाला. "संध्याकाळी राजसुतार होशील."

राजा आला. पहिला घास इथलाच घ्यायचा म्हणून तो सकाळपासून जेवला नव्हता. पायऱ्या चढता चढता त्याला धाप लागली. त्यानं कप्प्यातला एक लाडू उचलला आणि विचारलं, "कुठल्या घरून आला हा?"

सुतारानं मागच्या गाड्यांकडे पाहिलं. खांद्यावरच्या पिशवीत बापाची पटाशी होती.

"बाजारातून आला, महाराज," तो म्हणाला. "आणि जाणार उकिरड्यावर. माझ्या या घरात तीन महिन्यांत कुणी जेवलेलं नाही. रांगेतली ही माणसं तुमचीच आहेत, जरा निरखून पाहा."

प्रधान ओरडला, "वेडा झालाय हा!" रांगेतल्या एका पहारेकऱ्यानं सवयीनं राजाला मुजरा केला, आणि मग कुणाला काही ओरडायचं उरलं नाही.

राजानं लाडू परत ठेवला. "सोय उभी राहिली नाही. शब्द तो शब्द," तो म्हणाला. "हत्यारं काढ."

सुतारानं पिशवी उतरवून राजाच्या हाती दिली. "एक गल्ली तेवढी बघून जा, महाराज. ती माझी नाही, एका मावशीची आहे."

गल्लीत पालखी शिरेना, म्हणून राजा चालत गेला. पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात घंटा वाजली, लाल चिंधी वर चढली. राजानं पेटी उघडली. आत वाटीभर मुगाची उसळ आणि तिच्यावर एक भाकरी. त्यानं ती तिथंच उभ्या उभ्या खाल्ली.

"कोण जेवतंय?" गल्लीतल्या कुणीतरी विचारलं. प्रधान काही सांगू पाहत होता, पण शेजारच्या ओट्यावरून दोर वळणारी बाई म्हणाली, "कोण का असेना. कारण विचारू नका, जेवू द्या त्याला."

राजानं वाटी पेटीत ठेवली. ठण्ण आवाज झाला. रिकाम्या भांड्याचा आवाज बाईला लगेच ओळखू येत असे.

"काय रे बाबा! वाटी रिकामी ठेवतोस? कुठल्या घरचं वळण हे?"

राजा ओशाळला. त्यानं बोटातली अंगठी काढून वाटीत टाकली.

"हे काय वाजलं? अंगठी? ती काय आमटीत घालू? ज्याची गरज आहे ते ठेव."

राजानं खिसे चाचपले. मीठ नव्हतं, चिंच नव्हती, पानही नव्हतं. हातात एक पिशवी तेवढी होती. त्यानं पिशवीत हात घातला, अंगठ्याचा खळगा पडलेली पटाशी काढली आणि वाटीवर आडवी ठेवली. मग सगळी पिशवीच पेटीत सरकवली.

बाईनं चाचपून पाहिलं. "हे खाता यायचं नाही," ती म्हणाली, "पण चालेल. सुतारा, तुझं सामान आलंय बघ."

पुढे ते अन्नघर उतरवलं गेलं. त्याच्या एकतीस पायऱ्या, जड दार आणि बारा कप्पे कापून सुतारानं दर गल्लीसाठी एकेक पेटी केली. प्रधानाला राजानं उकिरड्याच्या गाडीवर नेमलं, आणि गाडी रोज हलकी होत गेल्यानं त्याला फारसं काम उरलं नाही.

वर्षभरानं ती शेळी परत आली. उकिरडा आता तिच्या गुडघ्याइतका होता. तटाखाली उभी राहून ती वर पाहत राहिली, पलीकडे निशिगंध फुलला होता, आणि मग गवत शोधायला निघून गेली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी सोय करायची, त्याला आधी विचारावं. भुकेल्याला जिथं मान खाली घालावी लागते, ते दार कितीही सुंदर कोरलेलं असलं तरी ती भिंतच असते.